रुग्णवाहिकेवर कामाला लागताना: लायसन्सपासून रात्रपाळीपर्यंत

महाराष्ट्रात रुग्णवाहिकेवर चालक व्हायचं तर सुरुवात आरटीओपासून होते, आणि पहिला घोळही तिथेच होतो. कोणी सांगतं ट्रान्सपोर्टचं, म्हणजे व्यावसायिक वाहनाचं, लायसन्स लागतंच, कोणी म्हणतं साधं चारचाकीचं पुरे. कायद्याने 7500 किलोपर्यंत एकूण वजनाची गाडी हलकं मोटार वाहन ठरते. अशी व्यावसायिक गाडी चालवायला हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट केलं. ईको, बोलेरो, फोर्स ट्रॅव्हलर या आपल्याकडच्या नेहमीच्या रुग्णवाहिका याच वजनात बसतात. तरीही भरतीच्या जाहिरातीत बऱ्याचदा ट्रान्सपोर्टची नोंद मागतात आणि मुलाखतीच्या टेबलावर निकालपत्र वाचून दाखवून उपयोग नसतो. म्हणून माझा सल्ला असा की नोंद करूनच घ्या.

त्यासाठी वयाची 20 वर्षं पूर्ण हवीत आणि हलक्या वाहनाचं लायसन्स हातात येऊन किमान एक वर्ष झालेलं हवं. सारथी पोर्टलवर अर्ज भरायचा, डॉक्टरकडून नमुना 1-अ (वैद्यकीय दाखला) भरून घ्यायचा आणि मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं नमुना 5 मधलं प्रमाणपत्र जोडायचं. लर्निंग निघाल्यावर पक्क्या चाचणीसाठी 30 दिवस थांबावं लागतं. ते लर्निंग सहा महिने चालतं, पण स्लॉट लवकर भरतात, तेव्हा तिसावा दिवस उजाडायची वाट न पाहता तारीख आधीच बघून ठेवा. केंद्रीय नियमांतली फी लर्निंगला 150 आणि त्याच्या परीक्षेला 50 रुपये, वाहन चाचणीला 300 आणि आहे त्या लायसन्सवर नवा वर्ग चढवायला 500 रुपये अशी आहे. त्यावर सेवाशुल्क वगैरे येतं. खरा खर्च ड्रायव्हिंग स्कूलचा असतो. आठवी पासची अट 2019 मध्ये निघाली, पण फॉर्म, औषधांची नावं आणि पत्ते रोज वाचावे लागतात, त्यामुळे नोकरी देणारे शिक्षण विचारतातच. ट्रान्सपोर्टचं लायसन्स पाच वर्षांसाठी मिळतं.

आरटीओची वाट पाहत असतानाच दुसरं एक काम सुरू करून टाका, कारण त्याला सहा महिने लागतात. ते म्हणजे हिपॅटायटिस बी ची लस. पहिला डोस आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिपिंडं तयार झाली का ते बघून घ्यावं, कारण काही जणांच्या शरीरात ती तयार होत नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन चालू मुदतीतलं असू द्या. पोलीस पडताळणीचा दाखलाही याच काळात ऑनलाइन मागवून ठेवा. त्यावरचं नाव आधार आणि लायसन्सशी अक्षरशः जुळलं पाहिजे. वडिलांचं नाव एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर असेल, तर पुन्हा फेऱ्या मारायची तयारी ठेवा.

प्रशिक्षणाचं थोडं समजून घेतलेलं बरं. 108 ची सेवा महाराष्ट्रात 2014 पासून आहे. तिथे चालकाला पायलट म्हणतात आणि सोबत डॉक्टर असतो, बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस. 102 च्या गाड्या गरोदर माता आणि तान्ह्या बाळांसाठी असतात. याशिवाय पालिका, ट्रस्ट, रुग्णालयं आणि खासगी मालक यांच्या गाड्या. तिथे सोबतीला कधी नर्स, कधी इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, तर कधी नुसताच मदतनीस असतो. मदतनीस व्हायचं असेल तर टेक्निशियनचा कोर्स निवडताना वर्गातले तास किती हे विचारू नका, कॅज्युअल्टीत आणि गाडीवर प्रत्यक्ष किती तास उभं करणार ते विचारा. चालकानेही बेसिक लाइफ सपोर्टचा, म्हणजे हृदय किंवा श्वास थांबलेल्याला द्यायच्या प्राथमिक उपचारांचा, कोर्स करावा. तो एखाद्या दिवसात होतो आणि प्रमाणपत्र साधारण दोन वर्षं चालतं. छातीवर दाब मिनिटाला 100 ते 120, खोली 5 ते 6 सेंटीमीटर, 30 दाबांमागे 2 श्वास आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, हे पाठ असून भागत नाही. दोन मिनिटांत दंड भरून येतात आणि आपला दाब उथळ व्हायला लागलाय हे दाबणाऱ्याला कळत नाही, बाजूच्याला कळतं. म्हणून चालकाला ते यायला हवं. डॉक्टर एकटा किती वेळ दाबणार?

रुजू होताना पगाराचा आकडा सगळेच विचारतात. त्याच्यासोबत हेही लेखी विचारून घ्या: पाळी किती तासांची (बारा तासांच्या पाळ्या सर्रास आहेत), पाळी बदलायला येणारा रिलीव्हर आला नाही तर काय, पीएफ आणि ईएसआय आहे का, गाडीला ओरखडा गेला तर भरपाई कोणाच्या खिशातून, सिग्नल तोडल्याचं चलान आलं तर ते कोण निस्तरणार. मूळ लायसन्स किंवा मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवायला देऊ नका.

गाडी हातात आली की पहिल्यांदा तिचे कागद बघा. आरसीवर वाहनाचा प्रकार रुग्णवाहिका असाच हवा, नुसती व्हॅनवर लाल पट्टी मारलेली नको. एआयएस-125 या मानकात रुग्णवाहिकांचे चार प्रकार आहेत. ए म्हणजे प्रथमोपचारकाची गाडी, बी म्हणजे पेशंटची नुसती ने-आण, सी म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट आणि डी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड. आपली गाडी यातली कोणती हे माहीत नसेल तर कोणता पेशंट घ्यायचा आणि कोणता नाही हे ठरवता येत नाही. बी प्रकारच्या गाडीत व्हेंटिलेटरचा पेशंट बसवा म्हणून नातेवाईक हात जोडतात. अशा वेळी नकार द्यायला कागदाचा आधार लागतो. फिटनेस, विमा आणि पीयूसी यांच्या तारखा डॅशबोर्डच्या आत चिकटवून ठेवा. रुग्णवाहिकेला मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 खाली परमिट लागत नाही, वेग नियंत्रकाची सक्ती नाही आणि राष्ट्रीय महामार्गावर टोल माफ आहे. पण सूट असलेला फास्टॅग लावून घेतलेला नसला, तर बूथवर ही माफी समजावून सांगण्यातच वेळ जातो.

आणि गाडीची उंची मोजा. टेपने, वरच्या दिव्यासकट. रुग्णालयाचे पोर्च, बेसमेंटचे उतार, सोसायट्यांच्या कमानी आणि मंडपाचे बांबू यांत उंच टपाच्या गाड्या अडकतात आणि आधी फुटतो तो दिवा. मोजलेला आकडा स्टीअरिंगसमोर लिहून ठेवा.

आता रोजचं काम. लोकांना वाटतं वेळ रस्त्यावर वाचतो. शहरात गाडी कितीही दामटली तरी मिनिट-दोन मिनिटांचाच फरक पडतो. खरी मिनिटं जातात गाडी उभी असताना: रिकामा निघालेला सिलिंडर, न सापडलेला पत्ता, जिन्यात अडकलेला स्ट्रेचर, रुग्णालयाच्या दारात न भरलेला केस पेपर. म्हणून पाळीच्या सुरुवातीची तपासणी हा मी सगळ्यात मोठा भाग मानतो. ती रोज त्याच क्रमाने करायची. मागच्या दारापासून सुरू करून उजवीकडून फिरत पुन्हा मागच्या दाराशी. क्रम बदलला की एखादा कप्पा राहतोच.

ऑक्सिजनपाशी जरा थांबतो, कारण नव्या माणसाची सगळ्यात जास्त फजिती इथे होते. बी टाइप सिलिंडरची पाण्याची क्षमता सुमारे 10 लिटर. पूर्ण भरलेला असला की दाब 150 बारच्या आसपास, म्हणजे साधारण 1500 लिटर वायू. मोठा डी टाइप 46.7 लिटरचा, त्यात सुमारे 7000 लिटर. काटा पाहून उरलेला वायू काढायचा हिशोब सोपा आहे: काट्यावरचा दाब गुणिले सिलिंडरची क्षमता. बी टाइपचा काटा 90 वर असेल, तर त्यातले 20 राखीव सोडा, उरले 70. 70 गुणिले 10 म्हणजे 700 लिटर. मास्कला मिनिटाला 10 लिटर चालू असेल तर हा सिलिंडर 70 मिनिटं पुरेल. लांबच्या रेफर केसला (एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेताना) प्रवासाच्या वेळेचा हिशोब काढून त्याच्या दुप्पट ऑक्सिजन घ्यायचा. घाटात ट्रक आडवा झाला की दोन तासांचे चार तास होतात.

सिलिंडर बदलताना रेग्युलेटर बसवायच्या आधी व्हॉल्व्ह क्षणभर किंचित उघडून धूळ उडवून द्या. तोंड आपल्याकडे किंवा पेशंटकडे नको. मग वॉशर जागेवर आहे का पाहा, कारण फुस्स आवाज येतो तो बहुतेक वेळा वॉशर पडलेला किंवा चेपलेला असतो म्हणून. पान्याने आणखी आवळून ती गळती थांबत नाही, वॉशर बदलावा लागतो. आटे घट्ट लागतात म्हणून तिथे तेल, ग्रीस किंवा व्हॅसलीनचा हात अजिबात लावू नका, दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की भडका होतो. व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा. फ्लो मीटरचं माप त्यातल्या तरंगत्या गोळीच्या मध्यावर वाचायचं.

एक फसवा दोष सांगतो. गोळी 8 वर तरंगते आहे, ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे आहेत आणि तरी मास्कमध्ये हवा नाही. अशा वेळी बाटलीचं झाकण तिरकं बसलेलं असतं आणि वायू तिथून निसटत असतो. मास्ककडे जाणारी नळी बोटांनी चिमटून धरा. बाटलीची सुरक्षा झडप शिट्टी वाजवली पाहिजे. शिट्टी नाही वाजली तर झाकण काढून आटे नीट धरून पुन्हा बसवा. ही दहा सेकंदांची तपासणी पाळीच्या सुरुवातीला करायची. बाटलीत कालचं पाणी ठेवू नका, त्यात जंतू वाढतात. छोट्या अंतराला बाटली कोरडी असली तरी चालतं.

घशातली लाळ, उलटी ओढून काढणारं सक्शन मशीन नुसतं चालू होतंय एवढं पाहून पुढे जाऊ नका. नळीचं तोंड अंगठ्याने बंद करा, काटा चार सेकंदांत 300 मिमी पाऱ्याच्या पुढे गेला पाहिजे. नाही गेला तर बरणीचं झाकण ढिलं आहे, नळीला चीर आहे किंवा बॅटरी दमली आहे. ही तपासणी प्लग काढून, बॅटरीवर करा. प्लगवर सगळीच मशीनं चांगली चालतात. एईडीच्या (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राच्या) पॅडची मुदत, पॅडचे दोन संच, अंगावरचे केस काढायला रेझर, ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी कधी उघडली ती तारीख, प्रसूतीच्या किटमध्ये नाळेचे दोन चिमटे आणि बाळाला गुंडाळायला कोरडं कापड, एवढं रोज बघा. औषधांच्या पेटीला नंबरचं प्लास्टिक सील लावण्याची पद्धत चांगली आहे. सील शाबूत असेल तर पेटी उघडायची नाही, फक्त सगळ्यात जवळची मुदत काय ते बाहेरच्या चिठ्ठीवर वाचायचं. गाडीचं तेल, कूलंट, टायर, स्टेपनी आणि जॅक हे वेगळं सांगायला नको. स्टेपनीतली हवा मात्र कोणी बघत नाही.

कॉल आला की निघण्याची घाई होते. पण गाडी हलवण्याआधी कॉल करणाऱ्याला उलटा फोन लावण्याचं काम सोबतच्या माणसाला सांगा आणि चार गोष्टी विचारायला लावा: पेशंट बोलतोय का, श्वास कसा आहे, मजला कितवा आणि लिफ्टमध्ये आडवा माणूस मावतो का, रस्त्यावर कोणाला उभं करता येईल का. चौथ्या प्रश्नाने सगळ्यात जास्त वेळ वाचतो. "काका, एका मुलाला मोबाईलचा टॉर्च लावून कोपऱ्यावर उभं करा, आणि दुसऱ्याला लिफ्ट खाली धरून ठेवायला सांगा." नकाशावरचं ठिकाण गल्लीच्या मागच्या बाजूला दाखवतं आणि तिथे भिंत असते, हे सगळ्यांनाच कधी ना कधी भोगावं लागतं.

सायरनबद्दल गैरसमज फार. 2017 च्या वाहन चालवण्याच्या विनियमांनुसार खऱ्या तातडीच्या वेळी रुग्णवाहिकेला लाल सिग्नल पार करायची, वेगमर्यादा ओलांडायची मुभा आहे, पण पुरेशी काळजी घेऊनच. अपघात झाला तर ही काळजी घेतली होती का हाच प्रश्न विचारला जातो. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला कलम 194-ई खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याचा चौकात उभं असताना काही उपयोग नाही. सायरन म्हणजे वाट मागणं. काचा लावून एसी आणि गाणी चालू असलेल्या गाडीत तो अगदी जवळ आल्यावर ऐकू जातो, आणि आपला वेग जितका जास्त तितका समोरच्याला मिळणारा वेळ कमी. मोकळ्या रस्त्यावर लांब सूर, चौकाच्या थोडं आधी तुटक सूर. सूर बदलला की लोकांचं लक्ष जातं. लाल सिग्नलला गाडी जवळजवळ थांबवायची आणि एकेक लेन डोळ्यांनी रिकामी झालेली पाहून पुढे सरकायचं. पहिल्या दोन लेन थांबतात, तिसऱ्या लेनमधला दुचाकीवाला त्यांच्या आडून निसटतो, टक्कर होते ती त्याच्याशी. पुढे दुसरी रुग्णवाहिका असेल तर तिच्या मागे चिकटून जाऊ नका, लोकांना एकच गाडी येतेय असं वाटतं. स्थिर पेशंटला सायरन लावूच नये असं माझं मत आहे. छातीत दुखणाऱ्या माणसाला त्या आवाजाने आणखी धडधड होते.

अपघाताच्या जागी आधी गाडी कुठे लावायची ते ठरतं, मग पेशंट. मागून येणारी वाहनं आपल्यावर आदळणार नाहीत अशी जागा, हॅझर्ड लाइट, मागे त्रिकोण. टँकर असेल तर उताराच्या वरच्या अंगाला आणि वारा येतो त्या बाजूला पाठ करून. विजेची तार पडली असेल तर पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणीही उतरायचं नाही, बघे कितीही ओरडले तरी.

घरी गेलात तर रिकाम्या हाताने वर चढू नका. बॅग, ऑक्सिजन, एईडी आणि सक्शन पहिल्याच खेपेत वर गेलं पाहिजे. "आधी बघून येतो" म्हणून गेलेला माणूस तीन मजले उतरून पुन्हा चढतो. दम लागलेल्या पेशंटला आडवं करू नका, बसवूनच आणा. गरोदर बाईला डाव्या कुशीवर. लकव्याची शंका असेल तर घरच्यांना एकच प्रश्न पक्का विचारून वेळेसकट लिहून घ्या: शेवटचं अगदी नीट कधी पाहिलं होतं? गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि तो वेळ त्या क्षणापासून मोजतात, आपल्याला फोन आला तेव्हापासून नाही.

स्ट्रेचरचे अपघात बहुतेक दोन जागी होतात. पहिली जागा गाडीतून उतरवताना. मागे खेचल्यावर स्ट्रेचरचे पाय खाली पडून लॉक झाल्याचा खटका ऐकू आला पाहिजे आणि दोन्ही बाजू डोळ्यांनी दिसल्या पाहिजेत. मगच गाडीतला हूक सोडायचा. आवाजावर विसंबलात आणि एका पायात चिखल बसलेला असला, तर पेशंटसकट बाजू खचते. दुसरी जागा म्हणजे खडबडीत आवार. उंच केलेल्या स्ट्रेचरची चाकं जवळजवळ असतात, वजन वर असतं, आणि तो आडवा वळवताना एक चाक खळग्यात गेलं की कलंडतो. स्ट्रेचर खाली करून, पुढे-मागे दोघांनी धरून, सरळ रेषेत न्या. पट्टे छाती, कंबर आणि गुडघ्यावर, शक्य तिथे खांद्यांवरूनही. निघण्याआधी ऑक्सिजनची नळी, सलाइन आणि लघवीची पिशवी चाकात येत नाही ना, पेशंटचे हात आत आहेत ना, एवढं बघा. नळी चाकाखाली गेली की एका झटक्यात तोंडावरून मास्क जातो.

जिन्यावरून उतरताना पाय पुढे आणि डोकं वरच्या बाजूला. हुकूम एकाच माणसाचा, तो डोक्याकडचा. नातेवाईक मदतीला येतात आणि मनापासून येतात, पण प्रत्येक जण आपापला "एक, दोन, तीन" म्हणतो. त्यांना आधीच सांगा: "दादा, तीन म्हटल्यावर उचलायचं, त्याआधी नाही."

पेशंट आत आल्यावर गाडी चालवण्याची पद्धत बदलते. मागे डॉक्टर पट्टा सोडून उभा असू शकतो. त्याला रस्ता दिसत नाही. म्हणून चालकाने मोठ्याने सांगत राहायचं: "ब्रेक", "खड्डा", "उजवं वळण". गतिरोधकावर ब्रेक आधी मारून घ्यायचा आणि चाक चढायच्या क्षणी सोडून द्यायचा. ब्रेक दाबलेलाच राहिला तर पुढचं नाक खाली दबलेलं असतं आणि धक्का दुप्पट बसतो. गतिरोधक तिरका घेऊ नका, दोन्ही चाकं एकदम चढू द्या, नाहीतर उंच टपाची गाडी झोके खाते. हाड मोडलेल्या पेशंटसाठी तिथे चालण्याच्या वेगाने जा. चालत्या गाडीत छातीवरचा दाब नीट बसत नाही, त्यामुळे तो निर्णय डॉक्टरवर सोडा. "लवकर चल" म्हणून पुढे बसलेला नातेवाईक कितीही कळवळला तरी वेग त्याच्या आवाजावर ठरू देऊ नका. नातेवाईक एकच, आणि पट्टा लावून.

रुग्णालयात पोहोचायच्या काही मिनिटं आधी कॅज्युअल्टीला फोन. रेफर केस असेल तर निघण्याआधीच समोरच्या रुग्णालयात बेड कोणी, कोणाशी बोलून ठरवला ते नावासकट केस पेपरवर लिहून घ्या. "बेड आहे म्हणाले होते" या वाक्याला दारात किंमत नसते. हँडओव्हर देताना वय, काय झालं, कधी झालं, काय सापडलं, काय दिलं, हा क्रम सोडू नका आणि घेणाऱ्याची सही, नाव, वेळ घ्या. पाकीट, मोबाईल आणि दागिने यांची यादी करून दुसऱ्याच्या सहीने द्यायची. मंगळसूत्र आणि अंगठी वर्णनासकट लिहा, "पिवळ्या धातूची" असं. सोन्याची आहे हे ठरवणं आपलं काम नाही. मारहाणीच्या केसमध्ये कपडे कापावे लागले तर भोकं आणि डाग सोडून बाजूने कापा, आणि ते कागदी पिशवीत द्या.

मग सफाई. आधी साबणाच्या पाण्याने घाण काढायची, नंतर 1 टक्का हायपोक्लोराइट. उलटं केलं तर घाणीतच औषध संपतं. निदान दहा मिनिटं ओलं राहू द्या, नंतर धातूवरून साध्या पाण्याचा हात फिरवा, नाहीतर गंज चढतो. बाजारातलं द्रावण 5 टक्क्यांचं असेल तर त्याच्या एका भागाला चार भाग पाणी. रोज ताजं करायचं, आणि संडास धुण्याच्या अ‍ॅसिडशी चुकूनही मिसळायचं नाही. पट्टे, दाराची मूठ, वरचा धरायचा दांडा आणि ऑक्सिजनची चावी या जागा हमखास राहतात. मॉनिटरच्या वायरींना मात्र स्पिरिटचा बोळा. हातमोजे काढल्याशिवाय स्टीअरिंगला हात नाही. कचरा 2016 च्या नियमांप्रमाणे रंगानुसार वेगळा करून रुग्णालयातच द्यायचा, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, टोपण परत न घालता. सुई टोचलीच तर बोट पिळू नका. साबण-पाण्याने धुवा, त्याच पाळीत लेखी नोंद करा आणि कॅज्युअल्टीत जाऊन एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं मागा. ती जितकी लवकर तितकी बरी, 72 तासांनंतर उपयोग उरत नाही.

लॉगबुकात वेळा लिहायच्या त्या एकाच घड्याळावरून: कॉल मिळाला, निघालो, पोहोचलो, पेशंट घेऊन निघालो, रुग्णालयात पोहोचलो, मोकळे झालो. सोबत किलोमीटरचे आकडे. चालकाच्या मोबाईलवरची वेळ आणि डॉक्टरच्या घड्याळातली वेळ यांत चार मिनिटांचा फरक असला, तर वर्ष-दोन वर्षांनी कोर्टात साक्षीला बोलावल्यावर त्या चार मिनिटांवरच प्रश्न येतात. पेशंटने यायला नकार दिला तर त्याची सही आणि एक साक्षीदार. मृत्यू झालाय असं वाटलं तरी ते जाहीर करणं डॉक्टरचं काम. चालकाने किंवा मदतनिसाने नातेवाइकांना तसं बोलू नये आणि मृतदेहासाठी शववाहिका मागवावी.

रात्रपाळीला अडचण येते ती पहाटे तीन ते पाच या वेळात. पेशंट सोडून रिकाम्या गाडीने परतताना झोप सगळ्यात जास्त येते, कारण अंगातला ताण नुकताच उतरलेला असतो. परतीला सोबतच्याने मागे आडवं न होता पुढे बसून बोलत राहावं असा नियमच करून टाका. डोळे जड झाले तर नियंत्रण कक्षाला कळवून पंधरा-वीस मिनिटं गाडी बाजूला घ्या. कोणी बोललंच तर बोलू द्या.

सुरुवातीच्या काही केसेसना हात थरथरतात, पाठ झालेलं आठवत नाही, आणि लहान मूल दगावलं तर पुढचे काही दिवस जेवण जात नाही. हे जुन्यांनाही होतं, ते बोलत नाहीत इतकंच. केस झाल्यावर गाडी धुताना जोडीदाराशी त्याच केसबद्दल बोलून घ्यायचं: काय नीट झालं, काय हाताला लागलं नाही, कोणता कप्पा बदलायचा. आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, दारूकडे हात जात असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. नातेवाइकांचा राग बहुतेक वेळा उशिराबद्दल असतो. वाद न घालता कॉल मिळाल्याची वेळ सांगा आणि काम चालू ठेवा. अंगावर कोणी आलं तर पेशंटसकट गाडीत बसून दारं लावा आणि 112 ला फोन करा.

तारखांची एक चिठ्ठी मोबाईलमध्ये ठेवा: लायसन्स, बेसिक लाइफ सपोर्टचं कार्ड, गाडीचा फिटनेस, विमा, पीयूसी. लायसन्सच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येतो, संपल्यानंतरही वर्षभर करता येतो. पण मधल्या काळात गाडी चालवता येत नाही, आणि त्या काळात अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तीच तारीख बघते. चाळिशीनंतर डोळ्यांचा नंबर भराभर बदलतो, तेव्हा नमुना 1-अ साठी डॉक्टरकडे जाण्याआधी चष्मा तपासून घ्या.